दिवसागणिक दुपटीने वाढणारी गाठ: कंपालातलं एक प्रकरण

१९५७ साली युगांडाची राजधानी कंपाला इथल्या मुलागो रुग्णालयात डॉ. ह्यू ट्रॉवेल यांनी सर्जन डेनिस बर्किट यांना एक मूल पाहायला वॉर्डात बोलावलं. पाच वर्षांचा मुलगा. जबडा चार ठिकाणी सुजलेला: वर दोन्ही बाजूंना, खाली दोन्ही बाजूंना. दात हलत होते. दाताच्या मुळाशी पू झाला असता तर सूज एका बाजूला आली असती. हाडाचा कॅन्सर म्हणावा तर तो चार जागी एकदम सुरू होत नाही. बर्किट यांच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी फोटो काढून ठेवले आणि पुढच्या कामाला लागले.

थोड्याच आठवड्यांनी ते जिंजाला गेले होते. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल जिथे बाहेर पडते ते हे गाव. तिथल्या रुग्णालयात राउंड चालू असताना खिडकीबाहेर आईशेजारी बसलेली एक मुलगी त्यांना दिसली. चेहरा तसाच, चारही बाजूंनी सुजलेला. तिला तपासलं तर पोटातही गाठी हाताला लागल्या. एकदा दिसलेली गोष्ट विचित्र म्हणून सोडून देता येते. दुसऱ्यांदा तीच दिसल्यावर बर्किट यांना ती सोडता आली नाही.

आज ज्याला बर्किट लिंफोमा म्हणतात त्याचं प्रकरण इथून सुरू होतं. माणसाला होणाऱ्या सर्वांत वेगवान कॅन्सरांपैकी हा एक. योग्य उपचार मिळाले तर बरा होणाऱ्या कॅन्सरांतही त्याचं नाव वरच्या रांगेत येतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. रिपोर्टमध्ये ‘अग्रेसिव्ह’ असं वाचलं की घरचे धीर सोडतात, तो त्यामुळेच. लिंफोमात वेग आणि बरं होण्याची शक्यता यांचा संबंध कसा आहे, आणि तो हुकतो कुठे, हे समजून घ्यायला कंपालाचं प्रकरण फार उपयोगी आहे.

एक आजार, अनेक रजिस्टरं

बर्किट संशोधक नव्हते. उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलनजवळ १९११ मध्ये जन्म, लहानपणी अपघातात एक डोळा गेलेला, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आधी इंजिनिअरिंगला प्रवेश आणि मग मेडिसिनकडे वळण. दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून ते पूर्व आफ्रिका पाहून आले आणि १९४६ मध्ये युगांडात सरकारी सर्जन झाले. हर्निया, मोडलेली हाडं, अवघडलेली बाळंतपणं असं सगळं अंगावर घेणारा तो काळ. प्रयोगशाळा त्यांच्या हाताशी नव्हती. मुलागोत एक गोष्ट मात्र होती, जी त्या काळी आफ्रिकेत दुर्मीळ होती: प्रा. जॅक डेव्हिस यांनी चालवलेली कॅन्सरची नोंदवही.

बर्किट यांनी ती नोंदवही आणि शवविच्छेदनाचे कागद चाळायला घेतले तेव्हा चित्र बदललं. जबड्याच्या गाठी असलेली मुलं एका नावाखाली, मूत्रपिंडात गाठ असलेली दुसऱ्या नावाखाली, दोन्ही अंडाशयांत गाठी असलेल्या मुली तिसऱ्या, डोळा बाहेर आलेली मुलं चौथ्या. ज्या अवयवाचा डॉक्टर त्या अवयवाचं नाव. पण एकाच मुलाच्या अंगात यातल्या दोन-तीन जागा वारंवार एकत्र सापडत होत्या. म्हणजे आजार एकच होता. १९५८ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त त्यांनी ३८ मुलांची हकिगत छापली. तेव्हा ते या गाठीला सार्कोमा, म्हणजे हाड-स्नायूंसारख्या ऊतींचा कॅन्सर, म्हणत होते. गाठ लिंफोमाची आहे, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या लिंफोसाइट पेशींचा हा कॅन्सर आहे, हे मुलागोत काम करणाऱ्या जॉर्ज ओकॉनर या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने काचपट्ट्या पुन्हा पाहून ठरवलं. तिथल्या नोंदवहीतले मुलांचे जवळपास निम्मे कॅन्सर याच एका आजाराचे निघाले.

याआधी हा आजार कोणी पाहिलाच नव्हता असं नाही. कंपालाच्याच मेंगो मिशन रुग्णालयात अल्बर्ट कुक या डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा जबड्यांची नोंद करून ठेवली होती. पाहणं आणि जोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. बर्किट यांचं श्रेय दुसऱ्या कामाचं.

गाठीच्या आत काय चालतं

लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींतला बी जातीचा गट जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवतो. प्रतिपिंड बनवणारा जनुक या पेशींत सदैव चालू असतो, तेच तिचं काम. हा जनुक चौदाव्या गुणसूत्रावर आहे. आठव्या गुणसूत्रावर ‘मिक’ नावाचा दुसरा जनुक आहे, तो पेशीला विभाजनाची आज्ञा देतो आणि एरवी मोजकाच चालतो. बर्किट लिंफोमात या दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटून अदलाबदल होते आणि मिक थेट प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन बसतो. देवघरातला दिवा अखंड राहावा म्हणून कायम चालू ठेवलेल्या बटणावर कोणी पाण्याची मोटर जोडून द्यावी, तसं होतं. पेशी थांबायचं विसरते.

हे कळायला मात्र वेळ लागला. स्टॉकहोममध्ये काम करणाऱ्या मानोलोव्ह आणि मानोलोव्हा या बल्गेरियन दांपत्याला १९७२ मध्ये चौदावं गुणसूत्र लांबलेलं दिसलं. तो जादा तुकडा आठव्याचा आहे हे १९७६ मध्ये उघड झालं, आणि त्या तुकड्यावर मिक आहे हे १९८२ मध्ये. कॅन्सर म्हणजे जनुकांच्या जागा बदलण्याचा आजारही असू शकतो, याच्या सुरुवातीच्या ठोस पुराव्यांत या गाठीचा मोठा वाटा आहे.

या पेशींची संख्या साधारण २४ ते ४८ तासांत दुप्पट होऊ शकते. केआय-६७ या तपासणीत विभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशी रंगून दिसतात. बर्किट लिंफोमात हा आकडा शंभर टक्क्यांच्या जवळ असतो. इतक्या घाईत वाढणाऱ्या पेशी मरतातही भराभर. त्यांचे अवशेष गिळणाऱ्या मोठ्या, फिकट पेशी गडद गाठीत ठिकठिकाणी विखुरलेल्या दिसतात, म्हणून पॅथॉलॉजिस्ट या चित्राला ‘तारांकित आकाश’ म्हणतात.

आता मुख्य मुद्दा. केमोथेरपीची बहुतेक जुनी औषधं विभाजन होत असलेल्या पेशीवर वार करतात. पेशी स्वस्थ बसलेली असेल तर औषध तिच्या अंगावरून निघून जातं. फॉलिक्युलर लिंफोमासारखे संथ प्रकार याच कारणाने वर्षानुवर्षं टिकून राहतात: औषधाने गाठ लहान होते, काही वर्षांनी परत येते, आणि पेशंट तिच्यासोबत जगायला शिकतो. बर्किट लिंफोमात जवळपास प्रत्येक पेशी विभाजनात गुंतलेली, म्हणजे प्रत्येक पेशी औषधासमोर उघडी. उपचार न मिळालेलं मूल आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत दगावतं ते ज्या वेगामुळे, तोच वेग औषधाच्या कामी येतो. अट एवढीच की औषध वेळेत पोचायला हवं.

नकाशा, डास आणि धुक्यात अडकलेलं विमान

या प्रकरणातला सर्वांत जास्त सांगितला जाणारा भाग म्हणजे बर्किट यांची सफर. ऑक्टोबर १९६१ मध्ये २५० पौंडांना घेतलेल्या जुन्या फोर्ड गाडीतून ते, टेड विल्यम्स आणि क्लिफ नेल्सन हे दोन मिशनरी डॉक्टर निघाले आणि दहा आठवड्यांत सुमारे १०,००० मैल फिरून जोहान्सबर्गपर्यंत जाऊन आले. रस्त्यातल्या प्रत्येक रुग्णालयात फोटो दाखवून एकच प्रश्न: असं मूल तुमच्याकडे येतं का? उत्तरं नकाशावर मांडली तेव्हा आफ्रिकेच्या मधोमध एक पट्टा उमटला. उंच पठारांवर आजार नव्हता. सुरुवातीला ही उंचीची मर्यादा वाटली. विषुववृत्तापासून दूर जावं तसतशी ती खाली येत गेली, तेव्हा हे तापमानाचं गणित आहे हे लक्षात आलं. थंडीतही पारा सुमारे १६ अंश सेल्सिअसच्या खाली जात नाही आणि वर्षाला ५० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, तिथे ही गाठ. गंमत अशी की बर्किट यांचे वडीलही नकाशेवाले होते: पेशाने सर्वेक्षक, आणि रॉबिन पक्ष्यांच्या पायांत कड्या घालून त्यांच्या हद्दी आखल्याबद्दल पक्षी-अभ्यासकांत नाव कमावलेले.

ऊन आणि पाऊस म्हणजे डास. डासाने पसरणारा विषाणू असावा असा पहिला तर्क झाला आणि तो चुकला. डास दोषी होते, पण मलेरियाच्या मार्गाने. मलेरिया आटोक्यात असलेल्या झांझिबारसारख्या जागी, हवामान जुळूनही, ही गाठ दिसत नव्हती. लहानपणापासून वारंवार होणारा फाल्सिपारम हा घातक प्रकारचा मलेरिया बी पेशींना सतत विभाजनाला लावतो, आणि जितकी विभाजनं जास्त तितकी गुणसूत्रं चुकीच्या जागी जुळण्याची शक्यता जास्त.

विषाणू सापडला, तो वेगळ्याच वाटेने. २२ मार्च १९६१ रोजी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात बर्किट यांचं व्याख्यान झालं. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन होते; कोंबड्यांना कॅन्सर करणाऱ्या विषाणूवर ते काम करत. कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला येऊ लागले आणि दोन वर्षं काहीच हाती लागलं नाही. डिसेंबर १९६३ मध्ये एक विमान धुक्यामुळे मँचेस्टरला वळवावं लागलं. उशिरा पोचलेल्या बाटलीतलं पाणी गढूळ झालं होतं. जंतू शिरले म्हणून ती फेकून दिली असती तरी कोणी नावं ठेवली नसती. एपस्टाइन यांनी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी पाण्यात तरंगत होत्या. त्या वाढवता आल्या. इव्हॉन बार आणि बर्ट अचॉंग यांच्यासह त्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यात विषाणू पाहिला, आणि मार्च १९६४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो जाहीर झाला. एपस्टाइन-बार विषाणू तो हाच. माणसातल्या कॅन्सरशी जोडला गेलेला हा पहिला विषाणू.

हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात असतो आणि आयुष्यभर गप्प बसून राहतो. त्यामुळे ‘विषाणूमुळे कॅन्सर झाला’ हे वाक्य इथे अर्धवट ठरतं. युगांडाच्या वेस्ट नाईल भागात १९७०च्या दशकात सुमारे ४२,००० मुलांचं रक्त साठवून त्यांच्यावर पुढे लक्ष ठेवलं गेलं. ज्या मोजक्या मुलांना गाठ झाली त्यांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासूनच चढलेली होती. संबंध पक्का झाला. पण एकाच गावात, त्याच डासांत, तोच विषाणू अंगात असताना एका मुलाला गाठ होते आणि हजारोंना होत नाही, हे कोडं त्या ४२,००० नमुन्यांनीही पूर्ण सोडवलं नाही.

रेडिओथेरपी नव्हती म्हणून

मला विचाराल तर नकाशापेक्षा या प्रकरणाचा उपचारांचा भाग जास्त मोलाचा आहे आणि तो कमी सांगितला जातो.

१९६०च्या सुमाराला रूढ डॉक्टरी मतानुसार घट्ट गाठीच्या कॅन्सरवर दोनच उपाय होते: कापणं आणि किरणं देणं. औषधं रक्ताच्या कॅन्सरपुरती, तीही तात्पुरती. कंपालात शस्त्रक्रिया करून पाहिली तर गाठ टाके सुकायच्या आत परत यायची. चारही बाजूंनी जबडा आणि वर पोट, कापणार तरी काय काय? किरणं द्यायला युगांडात यंत्रच नव्हतं. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर संस्थेचे जोसेफ बर्चेनाल ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या औषधांवर काम करत होते. त्यांना अशी गाठ हवी होती जिच्यावर आधी किरणांचा प्रयोग झालेला नाही. बर्किट यांना काहीही चालणार होतं. औषधं बहुतेक कंपन्यांकडून मोफत आली: मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फामाइड, व्हिनक्रिस्टिन. नैरोबीत पीटर क्लिफर्ड हेही याच वाटेने चालले होते.

परिणाम पाहून डॉक्टरांचाच विश्वास बसेना. मूठभर गाठ आठवडाभरात ओसरायची, बाहेर आलेला डोळा परत जागेवर जायचा. बर्किट सावधपणे, कमी मात्रा देत. पांढऱ्या पेशी घसरल्या तर मुलाला सांभाळायला त्यांच्याकडे ना रक्तपेढीचा आधार होता ना जंतुसंसर्गावरची तगडी औषधं. काही आया एक-दोन इंजेक्शनांनंतर, गाठ गेली की मूल घेऊन गावी निघून जात. अमेरिकेत याला अर्धवट उपचार म्हटलं असतं. १९६७ मध्ये बर्किट यांनी छापलेल्या निबंधात अशाच मुलांचा हिशेब आहे: एक किंवा दोन मात्रा, आणि तरीही दीर्घकाळ गाठ परत आलेली नाही.

या निकालाचा अर्थ लावताना जरा हात आखडता घ्यायला हवा. ही मुलं अपवाद होती, बहुतेकदा जबड्यापुरता आजार असलेली. बाकीच्यांत गाठ विरघळली तरी बऱ्याच जणांत परत आली. थोडी औषधं पुरतात असा निष्कर्ष यातून काढणं चूक. पण घट्ट गाठीचा, अंगभर पसरलेला कॅन्सर नुसत्या औषधाने कायमचा जाऊ शकतो, हे दाखवणाऱ्या पहिल्या काही उदाहरणांत ही मुलं आहेत.

१९६७: वॉर्डात शिकलेल्या तीन गोष्टी

अपवादांना नियमात बसवण्याचं काम १९६७ मध्ये कंपालात उघडलेल्या लिंफोमा उपचार केंद्राने केलं. मकेरेरे विद्यापीठ आणि अमेरिकेची राष्ट्रीय कॅन्सर संस्था यांचं हे संयुक्त केंद्र, प्रमुख जॉन झिगलर नावाचे तरुण अमेरिकन डॉक्टर. बर्किट तोवर इंग्लंडला परतले होते. केंद्रात औषधांच्या जोड्या एकमेकींशी नीट, चिठ्ठ्या टाकून तुलना करून पाहिल्या गेल्या. या आजाराच्या अनुभवातून जे कळलं त्यातल्या तीन गोष्टी आजही अशा लिंफोमाच्या पेशंटच्या पहिल्या आठवड्यात रोज आठवाव्या लागतात.

पहिली: गाठ फार वेगाने विरघळणं हेच संकट ठरू शकतं. लाखो-करोडो पेशी एकदम फुटल्या की त्यांच्या आतलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक अ‍ॅसिड रक्तात ओतलं जातं. पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडतात, युरिक अ‍ॅसिड आणि फॉस्फेटने मूत्रपिंडं बसतात. म्हणजे औषध लागू पडल्यामुळे मूल दगावू शकतं. याला ट्यूमर लायसिस म्हणतात. म्हणून केमोच्या आधीपासून भरपूर सलाईन, युरिक अ‍ॅसिड बनू न देणारं अ‍ॅलोप्युरिनॉल, दर काही तासांनी रक्ततपासणी. आता रासब्युरिकेज हे युरिक अ‍ॅसिड झपाट्याने उतरवणारं औषधही आहे, पण जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या पेशंटला ते दिलं तर लाल पेशी फुटतात. मलेरियाच्या मुलखांत ही कमतरता जास्त आढळते, म्हणून आधी ती तपासावी लागते. हल्ली पूर्ण केमोआधी काही दिवस सौम्य मात्रा देऊन गाठ हळूहळू उतरवतात, तेही याच कारणाने.

दुसरी: शिरेतून दिलेली बहुतेक औषधं मेंदू आणि मज्जारज्जूपर्यंत पुरेशी पोचत नाहीत. पोटातली, जबड्यातली गाठ गेली म्हणून घरी पाठवलेलं मूल चेहऱ्याची एक बाजू लुळी पडून किंवा पायातली ताकद जाऊन परत यायचं. त्यामुळे पाठीच्या मणक्यातून सुई घालून मेथोट्रेक्सेट देणं उपचाराचा भाग झालं, लक्षण असो वा नसो. पाठीत सुई टोचणार म्हटल्यावर आपल्याकडेही घरचे बिचकतात, ‘डोक्यात तर काही नाही, मग कशाला?’ असं विचारतात. काही नसतानाच ती द्यायची असते.

तिसरी गोष्ट औषधाची नाही. केंद्राने पेशंट शोधायला माणसं नेमली. मूल ठरल्या तारखेला आलं नाही तर गाडी गावात जायची, घर शोधायची, मूल बरं आहे की गाठ परत आली आहे की ते गेलं, हे लिहून आणायची. यामुळे दोन कामं झाली. उपचार अर्धवट राहिलेली मुलं परत आली. आणि आकड्यांवर विश्वास ठेवता आला, कारण ‘पेशंट परत आला नाही’ हा रकाना जवळपास रिकामा होता. तो रकाना भरलेला असेल तर कुठल्याही औषधाचा निकाल हवा तसा वाचता येतो. या नोंदींतूनच कळलं की वर्षभर गाठ परत आली नाही तर ती पुढे येण्याची शक्यता फार कमी. संथ लिंफोमात असं आश्वासन पाच वर्षांनीही देता येत नाही.

१९७२ चा लास्कर हा अमेरिकेतला वैद्यकातला मानाचा पुरस्कार कॅन्सरच्या औषधोपचाराला मिळाला तेव्हा विजेत्यांच्या लांब यादीत बर्किट, बर्चेनाल, झिगलर आणि कॅमेरूनचे सर्जन व्हिक्टर अनोमा न्गू हे या आजारावर काम केलेले लोक होते.

त्याच वर्षी

ऑगस्ट १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीन याने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. गुजराती व्यापारी गेले, सरकारी खात्यांत नोकरी करणारी गोवेकर कुटुंबं गेली, आणि परदेशी डॉक्टरही. झिगलर परतले. केंद्राची सूत्रं चार्ल्स ओल्वेनी या युगांडातल्या डॉक्टरांकडे आली आणि सत्तापालट, युद्ध, औषधांचा दुष्काळ यांतून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते चालू ठेवलं. पुरस्काराच्या कहाण्यांत हा भाग सहसा एका ओळीत उरकतात. पण जिथे उपचार शोधला गेला तिथल्याच मुलांना तो पुढची कित्येक वर्षं नीट मिळाला नाही, आणि त्याचं कारण जीवशास्त्रात नव्हतं. आज श्रीमंत देशांत या आजाराची दहातली सुमारे नऊ मुलं बरी होतात. आफ्रिकेतल्या अनेक केंद्रांत हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली अडकलेलं आहे: मूल उशिरा येतं, बायॉप्सीचा रिपोर्ट आठवडे लांबतो, औषध संपतं, प्रवासाचे पैसे संपतात. रोज दुप्पट होणाऱ्या गाठीला रिपोर्टसाठी तीन आठवडे दिले तर पुढच्या औषधाचं नाव काय आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

आपल्या दवाखान्यात

भारतात बर्किट लिंफोमा तुरळक आढळतो आणि त्याचा चेहरा वेगळा असतो. जबड्यापेक्षा पोटात, बहुतेकदा लहान आतडं मोठ्याला मिळतं त्या उजव्या बाजूच्या सांध्याशी. मूल पोटदुखी, उलट्या, आतडं आतड्यात अडकणं अशा तक्रारींनी सर्जनकडे येतं. मोठ्यांत एचआयव्हीचा संसर्ग असलेल्यांना त्याचा धोका जास्त. आपल्याकडचा खास सापळा म्हणजे क्षयरोग. आतड्याचा टीबी नेमका त्याच सांध्याला पसंती देतो. ताप, वजन घटणं, मानेतल्या गाठी, सगळं जुळतं. टीबी इतका नेहमीचा की ‘आधी टीबीच्या गोळ्या सुरू करून पाहू’ हे वाक्य सहज निघतं. बर्किटच नव्हे, डिफ्यूज लार्ज बी सेल या मोठ्यांत सर्वांत जास्त आढळणाऱ्या वेगवान लिंफोमाचेही महिने या वाक्यात जातात. गाठीचा तुकडा न काढता सुरू केलेल्या गोळ्यांनी आठवड्या-दोन आठवड्यांत फरक नाही, उलट गाठ वाढतेच आहे, तर थांबायचं कारण नाही. दुसरी चूक त्याहून गोड वाटते: बायॉप्सीआधी स्टेरॉइड. त्याने लिंफोमा तात्पुरता आटतो, पेशंटला बरं वाटतं आणि नंतर काढलेल्या तुकड्यात पॅथॉलॉजिस्टला वाचण्यासारखं काही उरत नाही.

उपचार आता बरेच जोरकस आहेत. कंपालाच्या केंद्रात काम केलेले इयन मॅग्राथ पुढे अमेरिकेत गेले आणि १९९६ मध्ये त्यांनी मांडलेली आलटूनपालटून देण्याची जहाल औषधयोजना मोठ्यांतही मुलांइतकाच निकाल देऊ लागली. बी पेशीवरच्या खुणेला धरून तिला मारणारं रिटुक्सिमॅब आलं. जास्त धोक्याच्या मुलांवरच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ते केमोला जोडल्यावर तीन वर्षांनी आजाराशिवाय असलेल्यांचं प्रमाण ८२ वरून ९४ टक्क्यांच्या आसपास गेलं. भारतात त्याची देशी आवृत्ती २००७ पासून मिळते. ते सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी हवीच, कारण दबून बसलेला तो विषाणू या औषधाने उसळतो. प्रौढ माणसाला मात्र जहाल केमो झेपेल का, हे वय आणि मूत्रपिंडं पाहून ठरतं. साठीपुढच्या पेशंटला डॉक्टर सौम्य योजना सुचवत असतील तर त्यात हलगर्जी शोधू नये.

मॅग्राथ यांचा मुंबईशी धागा वेगळ्या आजारातून जुळला. मुलांच्या ल्युकेमियासाठी त्यांनी टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेश अडवाणी, चेन्नईच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या डॉ. व्ही. शांता आणि दिल्लीच्या एम्समधले डॉक्टर यांच्याबरोबर १९८४ मध्ये एमसीपी-८४१ ही एकच औषधयोजना तिन्ही ठिकाणी सुरू केली. योजना मुद्दाम अशी बेतली होती की महागडी उपकरणं आणि खूप रक्त नसलेल्या वॉर्डातही ती झेपावी. निकाल आधीच्यापेक्षा पुष्कळ सुधारले. त्या नोंदींत आजाराच्या बरोबरीने आणखी दोन शत्रू दिसत होते: उपचारांदरम्यान होणारा जंतुसंसर्ग, आणि मध्येच उपचार सोडून निघून जाणारी कुटुंबं. टाटा मेमोरियलमध्ये पुढे मुलांच्या विभागासाठी इम्पॅक्ट फाउंडेशन उभं राहिलं. राहायची सोय, जेवण, औषधांचा खर्च, आणि तारीख चुकली की घरी फोन, अशी कामं तिथे डॉक्टरांइतक्याच गांभीर्याने होतात, आणि उपचार सोडण्याचं प्रमाण त्यामुळे बरंच खाली आलं. परळच्या फुटपाथवर पथारी टाकून बसलेल्या विदर्भातल्या किंवा बिहारमधल्या बापाला केमोच्या दुसऱ्या सायकलनंतर (फेरीनंतर) गाठ दिसेनाशी झालेली असते, गावी पेरणी खोळंबलेली असते आणि अजून चार सायकल का, हे त्याला कोणीतरी बसून सांगावं लागतं.